पंजावाली पेटी

गुणवंतराव कुंपणापाशी उभे राहून कधीचे हात हलवत होते. मशीन बंद कर, असं त्यांना म्हणायचं असावं. रुखमाला ते दिसत होते, पण दाणा अर्ध्यावर सोडता येत नाही, हे उभा जन्म साउंड सर्व्हिस चालवणाऱ्या माणसाला ठाऊक असायला हवं, असं तिचं मत होतं. तिनं नाकावर बांधलेला पदर आणखी घट्ट केला आणि रंगाची गन तशीच फिरवत राहिली. कॉम्प्रेसरची धडधड सगळ्या आळीत ऐकू जात होती.

कोरी पेटी म्हणजे स्पीकर बसवायचा प्लायवूडचा खोका. त्याला आधी काळ्या रंगाचा जाड हात द्यायचा. तो चिकट आहे तोवरच गनची हवा कमी करायची आणि थोडं लांब उभं राहून त्याच रंगाचे थेंब उडवायचे. हवा जास्त झाली तर थेंब फुटून नुसता धुरळा होतो, कमी झाली तर लगदा पडतो. मधे कुठेतरी ती बरोबर बसली की थेंब पडतो तसाच वाळतो आणि सगळी पेटी मोहरी चिकटवल्यासारखी खरबडी होते. शहरातले लोक त्याला टेक्स्चर म्हणतात. झाडीपट्टीत त्याला दाणा मारणं म्हणतात. दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, बैलांचे शंकरपट आणि नाटकं सुरू होतात आणि पेट्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आदळत आपटत हिंडतात. साध्या ऑइलपेंटची पेटी चार गावांत टकली होते. दाण्याच्या पेटीला ओरखडा दिसत नाही.

शेवटची कड मारून रुखमानं मशीन बंद केलं आणि पदर सोडला.

"बोला भाऊ."

"पेटी झकास होऊन राह्यली, वहिनी," गुणवंतराव म्हणाले. मग त्यांनी चप्पल काढली, पुन्हा घातली, आभाळाकडे पाहिलं. "आता चारही पेट्या सारख्या दिसन. दोन जुन्या, दोन ह्या नव्या. फक्त एक हाय. यंदा पंजा मारू नका."

"काऊन?"

"तुमाले समजते."

"मले नाई समजत. सांगा."

गुणवंतरावांना ते तोंडानं बोलायचं नव्हतं. अशा गोष्टी समोरच्यानं आपल्या आपण समजून घ्याव्यात आणि बोलणाऱ्याचं तोंड स्वच्छ राहावं, अशी त्यांची अपेक्षा होती. रुखमा मात्र खांबासारखी उभी राहिली.

"हंगामाचं पहिलं नारळ फुटते त्या पेटीवर," ते शेवटी म्हणाले. "त्याच्यावर विधवा बाईचा हात... लोकं बोलतात. माहं काई नाई बरं. मी मानत नाई. लोकं मानतात."

ही माणसांची एक जातच आहे. स्वतः काही मानत नाहीत, पण लोकांचं मात्र एकूण एक मानतात.

पंजाची गोष्ट जुनी आहे. सुकलू, म्हणजे रुखमाचा नवरा, जातीचा सुतार नव्हे, पण रंधा हातात बसलेला. गावाच्या नाटक मंडळासाठी त्यानं पहिली पेटी केली तेव्हा अंगणातली जमीन इतकी उंचसखल होती की पेटी डुगडुगायला लागली. रुखमानं बाजूनं डावा हात लावून ती धरली. सुकलूचं डोकं कामात. त्यानं बायकोच्या हातावरूनच गन फिरवली. हात काढून बघतात तर काळ्या खरबड्यात पाच बोटांची गुळगुळीत जागा उमटलेली, आणि खाली मनगटाशी बांगड्यांच्या दोन बारीक रेघा. सुकलू डोक्याला हात लावून बसला. रुखमा हसत सुटली. तिच्या माहेरी घर मातीनं छाबून, लिंपून झालं की ओल्या भिंतीवर घरच्या बाईनं पंजा उमटवायचा, अशी रीत होती. छाबणारीचा हात भिंतीवर राहिला की भिंत तिची होते, असं तिची आई म्हणायची.

"राहू द्या," ती सुकलूला म्हणाली. "मीच धरली होती पेटी. माहाच हात राहीन."

त्या वर्षी एका मंडईत दुसऱ्या पार्टीचा साउंड नाटकाच्या ऐन रंगात बसला आणि सुकलूच्या पेटीनं पहाटेपर्यंत तग धरला. झालं. पंजावाली पेटी बंद पडत नाही, अशी वंदता पसरली. लोक येऊन पंजाचीच पेटी मागायला लागले. पेटी उचलणारे हमाल आणि ऑपरेटर पंजाला हात लावून तो कपाळाला लावू लागले. निवडणुकीच्या दिवसांत तर एका साहेबानं येऊन सगळ्या पंजांवर कागद चिकटवायला लावले होते. कागद पडायचे, पंजे राहायचे.

सुकलूला रंगाच्या वासानं खोकला व्हायचा, म्हणून गन लवकरच रुखमाच्या हातात आली. तो कापायचा, ठोकायचा, ती दाणा मारायची आणि शेवटी डावा हात पेटीवर टेकवून उजव्यानं त्याच्याभोवती थेंब उडवायची. तिच्या डाव्या हाताच्या नखांतला काळा रंग कधी गेलाच नाही. पण पंजाचं नाव पडलं ते 'सुकलूभाऊचा पंजा'. सुकलू बिचारा खरं सांगायचा, "माहा कुठचा, हिचा हाय तो." लोक हसायचे. बायकोवर लई जीव दिसते, म्हणायचे, आणि पुन्हा सुकलूभाऊचा पंजा म्हणून पाया पडायचे.

श्रावणात सुकलूचा ताप डोक्यात गेला आणि सुकलूच गेला. कापलेली, ठोकलेली गुणवंतरावांची दोन खोकी तेवढी मागे राहिली. रुखमानं ती पंधरा दिवस नुसती बघितली. मग एक दिवस घासपेपर घेऊन बसली.

"पेटीले हात लावला त चालते," आता ती गुणवंतरावांना म्हणाली. "घासली त चालते, रंग मारला त चालते, न् पंजा नाई चालत?"

"रंग कोनाचा ते दिसत नाई ना, वहिनी."

"न् पंजा कोनाचा ते दिसते? आजवर त तुमीच सांगत हिंडले, सुकलूचा पंजा, सुकलूचा पंजा. मनगटाशी बांगड्यांच्या रेघा हाय. हे का बांगड्या भरत होते?"

आळीतली दोन माणसं आवाजानं बाहेर येऊन उभी राहिली होती. गुणवंतरावांनी आवाज खाली आणला आणि वहिनीवरून ते एकदम तूवर आले.

"मले का आंधळा समजते? पहिल्या दिवसापासून माईत हाय मले. त्या दोन रेघा होत्या म्हणूनच त चालत होतं. आता तुह्या हाताले काय हाय?"

रुखमानं हात पदराखाली लपवला नाही. पण तिची नजर मात्र मनगटावर गेली. तिथे काही नव्हतं. दहाव्याच्या दिवशी नदीवर नणंदेनं दगडानं बांगड्या फोडल्या होत्या, तेव्हा काच लागून एक जखम झाली होती आणि तीही आता भरून आली होती.

मग गुणवंतरावांनी खरा बेत सांगितला. उद्या सुनेला, रंजीताला, घेऊन येतो. पंजाच्या वेळी हात तिचा ठेवायचा. दाणा रुखमानंच मारायचा. बाहेर, पंजा सवाशिणीचा आहे एवढं सांगायचं. "तुह्या पोटावर मी पाय देऊन नाई राह्यलो," ते म्हणाले, आणि आपण केवढे उदार आहोत हे त्यांचं त्यांनाच इतकं पटलं, की जाताना त्यांनी पेटीवरून मायेनं हात फिरवला आणि ओला रंग हाताला लागला म्हणून रुखमाकडेच रॉकेल मागितलं.

तिनं रॉकेल दिलं. संतापानं तिला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पेटी ओळखली जाते ती पंजानं. पंजा दुसरीचा झाला की खालचा दाणा कोणी मारला हे कोण विचारतो? आज रंजीताचा हात, उद्या आणखी कोणाच्या लेकीसुनेचा, आणि परवा रुखमाची गनही नको. सुकलूच्या माघारी तिच्याजवळ राहिलं होतं ते एवढंच. रडावं असं तिला वाटलं नाही. कोणाला तरी फाडफाड बोलावं असं वाटत होतं. घरात बोलायला कोणी नव्हतं, म्हणून ती कॉम्प्रेसरला बोलली.

सकाळी गुणवंतराव सुनेला घेऊन आले आणि बाजेवर ऐसपैस बसले. रंजीता गेल्याच उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली, ब्रह्मपुरीच्या कॉलेजात शिकलेली. दोन्ही हातांत कोपरापर्यंत चुडा. तिची नजर जमिनीवरून वर येत नव्हती.

रुखमानं मशीन सुरू केलं, दुसऱ्या पेटीला काळा हात दिला आणि रंजीताचा हात धरून पेटीच्या बाजूला टेकवला. मऊ हात होता. मशीनच्या आवाजात बाजेवर बसलेल्या माणसाला काही ऐकू जाणार नाही हे पाहून रंजीता तिच्या कानाशी आली.

"काकू, मी घरी नाई म्हटलं होतं. ऐकलं नाई कोनी."

"हात हलवू नको," रुखमा म्हणाली. तिनं गन उचलली.

"असं करा काकू," रंजीता घाईघाईनं म्हणाली, "माह्या दोन बांगड्या तुमी घाला. मी मामाजीच्या समोर आडवी उभी राह्यतो. हात तुमचाच ठेवा. कोनालेच दिसणार नाई." आणि ती खरोखरच चुड्यातल्या दोन बांगड्या ओढायला लागली.

पोर मायेनं बोलत होती, यात शंका नाही. पण काल गुणवंतरावांच्या बोलण्यानं आला नव्हता इतका राग रुखमाला त्या मायेनं आला. शिव्या देणारा निदान समोरून देतो. ही पोर तिला तिच्याच अंगणात, तिच्याच पेटीवर, चोरून हात ठेवायला सांगत होती, आणि त्याला मदत समजत होती.

रुखमानं गन खाली ठेवली, मशीन बंद केलं.

"झालं?" बाजेवरून गुणवंतराव म्हणाले.

"नाई झालं. पेट्या घेऊन जा."

"अशा अर्ध्या?"

"अर्ध्याच. बाकीच्या अर्ध्या सवाशिणीकडून करून घ्या. काऊन, जमत नाई का त्यायले? चुड्यात त लई बरकत रायते म्हनता." मग ती रंजीताकडे वळली. "तुह्यावर राग नाई, पोरी. पन माह्याच पेटीवर मी चोरावानी हात ठेवत नाई."

गुणवंतराव उठले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "यंदा काम नाई भेटणार मंग. माह्याकडूनच नाई, कोनाकडूनच."

"माईत हाय मले."

दुपारी ट्रॅक्टर आला. एक पेटी पूर्ण, एक अर्धी, दोन्ही बिनपंजाच्या निघून गेल्या. रुखमानं कॉम्प्रेसर पुसला आणि त्यावर सुकलूचं जुनं धोतर झाकलं.

गुणवंतराव बोलल्यासारखे वागले, एवढं मान्य करायला हवं. आणखी दोन मंडळांची कामं यायची होती, ती आली नाहीत. रुखमा धान कापायला जाऊ लागली. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, वाकून कापताना बाया तिला शहाणपण शिकवायच्या.

"कायले अडून बसली? हात दुसरीचा असता त का झालं असतं?" रंभा म्हणाली. रंभा तिची शेजारीण, आणि रंभेला दुसऱ्याच्या भांडणात फार गोडी.

"तू रोवलं हे धान," रुखमा म्हणाली. "चिखलात तू वाकली. आता पिकल्यावर सरपंचाची सून इथी उभी राहून फोटो काढून घेईन, न् म्हनन, मी रोवलं. चालते का तुले?"

"मजुरी भेटली ना मले."

"मंग काप," रुखमा म्हणाली आणि पुढे सरकली. दिवसभर ती रंभेशी बोलली नाही.

मंडईचा दिवस आला. पटाच्या बैलजोड्या दुपारीच पळून झाल्या होत्या. जिलेबीच्या दुकानांपुढे गर्दी होती, आणि धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांमध्ये नाटकाचा मंच उभा राहत होता. ऊन कलायला आलं होतं. रुखमा यायची नव्हती. पण आपलीच मंडई, आपल्याच पेट्या, आणि घरी बसून राहायचं ते कोणाच्या भीतीनं, असं वाटून ती आली आणि बायांच्या घोळक्यात धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी राहिली.

नव्या पेट्या मंचाच्या एका अंगाला लागलेल्या होत्या. दोन्हींवर दाणा ब्रह्मपुरीच्या दिनेश नावाच्या पेंटरनं नव्यानं मारला होता. चांगला मारला होता, खोटं कशाला बोला. वर रंजीताचा पंजा होता आणि मनगटावर चुड्याच्या रेघाच रेघा. रंजीता हळदीकुंकवाचं ताट घेऊन तिथेच उभी होती. रुखमाला बघून तिनं मान खाली घातली.

दुसऱ्या अंगाला जुन्या दोन लागायच्या होत्या. या चालत होत्या, कारण त्या वेळी रुखमाच्या हातात बांगड्या होत्या. एक लागली. दुसरी, बेसची मोठी पेटी, चौघा हमालांनी ट्रॉलीतून उतरवली आणि बांधीतून आणायला घेतली. पुढे बिरजू आणि कोलू, मागे दोघं. बिरजूनं उचलण्याआधी सवयीनं पंजाला हात लावून कपाळाला लावला. रुखमानं ते पाहिलं. गुणवंतराव एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात झेंडूचा हार घेऊन पेटीच्या बाजूनं चालत होते आणि हळू, हळू, असं ओरडत होते. ते ओरडले नसते तरी पेटी हळूच चालली होती.

धुरा ओलांडताना बिरजूचा पाय मातीच्या ढेकळावरून सरकला. त्याचा कोपरा सुटला. पेटी बाजूला कलली, कोलूच्या तोंडून आवाज निघाला, आणि दोन्ही हात भरलेले गुणवंतराव जागच्या जागी थिजून उभे राहिले. पेटी त्यांच्याच अंगावर येत होती.

रुखमा दोन पावलांवर होती. तिनं विचार केला असेल असं वाटत नाही. पेटी डुगडुगली की डावा हात लावून धरायची, एवढं तिच्या अंगात मुरलेलं होतं. ती धुऱ्यावरून उतरली आणि डावा पंजा पेटीला लावून, खांदा देऊन उभी राहिली. पेटी थांबली.

आणि गुणवंतराव, जिच्यामुळे आत्ता त्यांची बरगडी वाचली तिला पाहून, ओरडले, "अहो वहिनी! हात नका लावू! नारळ फुटाचा हाय अजून!"

पेटीचा भार रुखमाच्या खांद्यात उतरला होता, मानेची शीर ताठली होती. तिनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"मंग सोडू का?"

गुणवंतरावांनी पेटीकडे पाहिलं. मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं. बायांच्या घोळक्यात कोणीतरी फिसकन हसलं. ती रंभाच होती. मग रंजीताच्या हातातलं ताट वाजलं, कारण तिलाही हसू आवरेना.

"बोला ना भाऊ," रुखमा म्हणाली. "समदे ऐकून राह्यले. सोडू का? लोकं मानतात म्हनून सोडतो मी. मले काई नाई."

"नोका सोडू काकू!" कोलू कळवळून म्हणाला. "माहा पाय हाय खाली!"

नारळ पोटाशी धरून गुणवंतराव दोन पावलं मागे सरकले. बिरजूनं उठून आपला कोपरा पुन्हा धरला. "चला," रुखमा म्हणाली, आणि पेटी निघाली. बाजूनं ती हात लावून चालत होती. पेटी आता सावरली होती, तिनं हात काढला असता तरी चाललं असतं. तिनं काढला नाही. वाटेतली माणसं बाजूला होत गेली.

मंचाशी पेटी टेकली. मागचे दोघे निघून गेले. बिरजूनं घाम पुसला आणि नेहमीसारखा पंजाला हात लावायला पुढे झाला. पंजावर रुखमाचा हात होता. बोटांवर बोटं नेमकी बसली होती, जुन्या काळ्या रंगाच्या नखांसकट. खाली मनगटाशी दाण्यातल्या त्या दोन रेघा तेवढ्या उघड्या दिसत होत्या, आणि त्यांच्यावर काही नव्हतं.

बिरजूनं एकदा पंजाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग तो हात तसाच पुढे धरून थांबला.

रुखमानं हात काढायची घाई केली नाही.